गावात ज्वारी आहे, पण पीठ?

प्रश्न : आमचं गाव सीना नदीकाठी, वस्ती दोन हजार. सप्टेंबर २०२५ च्या पुरात रस्ताही गेला आणि वीजही. पुन्हा तशी वेळ आली तर गाव सात दिवस स्वतःच्या बळावर तगेल का, हे कसं तपासावं?
— ग्रामपंचायत सदस्य, मोहोळ तालुका

उत्तर : साठ्याची यादी नंतर करा. आधी प्रत्येक गरजेला एकच प्रश्न लावा : वीज नसताना ही भागते का?

ज्वारीचंच बघा. माणशी रोज ४०० ग्रॅम धरले तर गावाला दिवसाला ८ क्विंटल, आठवड्याला ५६ क्विंटल लागते. मालदांडी ज्वारीच्या या पट्ट्यात तेवढी घराघरांत निघेल. पण गिरणी विजेवर चालते, म्हणजे कणग्या भरलेल्या आणि परातीत पीठ नाही! डिझेल इंजिनवरची एखादी गिरणी पंचक्रोशीत उरली असेल तर ती आत्ताच चालवून बघा. टाकी लावलेली, म्हणजे दगड छिन्नीने खडबडीत केलेली, दळायची जाती किती घरांत आहेत तेही मोजा. उसाचं क्षेत्र मात्र या हिशेबात धरू नका, तो कारखान्याला जातो.

पाण्याचं गणित सोपं आहे. अडचणीच्या दिवसांत माणशी रोज १५ लिटर म्हणजे ३०,००० लिटर, आणि ३०० मोठी जनावरं असतील तर प्रत्येकी ५० लिटरने आणखी १५,०००. पाच एचपीची मोटार, पाणी चढवायची उंची ४० मीटरच्या आसपास असेल तर, हे तीन-चार तासांत उपसते. गाडी अडते ती जनरेटरवर. पाच एचपीला पाच केव्हीए क्षमतेचा घेतला जातो आणि मोटार उठतच नाही, कारण सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. १२.५ ते १५ केव्हीएचा घ्या, महिन्यातून एकदा मोटार जोडूनच चालवा, आणि सात दिवसांचं म्हणून ८० ते १०० लिटर डिझेल हाताशी ठेवा. स्टार्टरची पेटी पूररेषेच्या वर नेली नाही तर हा सगळा खर्च पाण्यात.

कडब्याची गंज उंचावर रचा. मोठ्या जनावराला रोज पाच-सहा किलो धरा. भिजून बुरशी आलेला कडबा जनावरापुढे टाकू नका.

प्रश्न : पूर ओसरल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकावं?
— वाचक, माढा

उत्तर : आधी गढूळ पाणी उपसा. क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरत नाही. मग गोल विहिरीचा व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. व्यास ५ आणि पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ५९,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने ३०० ग्रॅम पुरे.

पावडर बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळ तेवढी विहिरीत ओता, तळाचा चुना नको. दोर बांधलेली बादली खालीवर करून पाणी ढवळा. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी) पिवळा रंग आला नाही तर मात्रा पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही आला नाही तर पोतं तपासा : तोंड उघडं राहिलेल्या, ओल लागलेल्या टीसीएलमधलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर नवीन पोतं मागवा.