उपकारस्तुती, म्हणजे प्रार्थनेत देवाचे आभार मानणं, जमत नाही म्हणतोस, तर

अरे, मन भरून येण्याची वाट पाहू नकोस. रात्री प्रार्थनेत मागण्या सुरू करण्याआधी त्या दिवसाचं एकच काहीतरी नाव घेऊन सांग: वेळेवर मिळालेली एसटी, आईचा उतरलेला ताप. 'सगळ्यासाठी आभार, प्रभू' ही पळवाट झाली. बायबलमधलं स्तोत्र 136 मोठ्याने वाच. 26 वचनं, प्रत्येकात देवाची सनातन दया, पण कारणं किती नेमकी: सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, अन्न!

दुःखात असशील तर उगाच हसरा चेहरा नको. स्तोत्र 13 'किती वेळ?' असं विचारतच सुरू होतं, सहाव्या वचनात गाण्यापर्यंत पोचतं. 88वं तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. (हे उपदेशात फारसं ऐकायला मिळत नाही.) आणि रविवारी चर्चमधल्या भक्तीनंतर खुर्च्या आवरणाऱ्यालाही धन्यवाद म्हण. जमलं तर दोन खुर्च्या तूही उचल.