जोडी नको, मांजर हवं तर एकच घ्या

ताई, नमस्कार.

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही नाशिकला राहता, दोघंही नोकरीला आहात, मुलगी बारा वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१५,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता ३१,०००, घरखर्च ५५,०००, एसआयपी १५,०००. यजमानांना थकबाकीचे ३ लाख रुपये मिळाले आहेत. त्यातले २ लाख २० हजार देऊन बंगाल मांजरांची तीन महिन्यांची जोडी घ्यायचा विचार आहे. विकणारा म्हणतो, ‘जोडी एफ-टू आहे, आजोबा अस्सल जंगली. वर्षाला आठ पिल्लं होतील आणि दोन वर्षं प्रत्येक पिल्लू २५,००० ला मीच परत घेईन.’ तुम्ही १५,००० टोकनही देऊन बसला आहात.

या माणसाचं म्हणणं शब्दशः खरं मानलं तरी व्यवहार जमत नाही. का, ते कळायला आधी या मांजराचं कूळ बघावं लागेल.

आशियात लेपर्ड कॅट नावाचं लहानसं रानटी मांजर असतं. आकार घरच्या मांजराएवढा, अंगावर बिबट्यासारखे ठिपके. आपल्या सह्याद्रीतही ते आढळतं. त्याच्या शास्त्रीय नावात ‘बेंगालेन्सिस’ आहे, तिथून या जातीला बंगाल हे नाव मिळालं. जात मात्र अमेरिकेतली. कॅलिफोर्नियाच्या जीन मिल यांच्याकडे लेपर्ड कॅटची मादी होती. १९६३ मध्ये तिला घरगुती काळ्या बोक्यापासून पिल्लू झालं. मध्ये हे काम थांबलं. पुढे लोमा लिंडा विद्यापीठातले डॉ. विलर्ड सेंटरवॉल मांजरांच्या ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी असेच संकर करत होते. त्यांच्याकडच्या काही संकरित माद्या १९८० च्या सुमारास मिलबाईंना मिळाल्या आणि जात खऱ्या अर्थाने उभी राहिली. ‘टिका’ या मांजरांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेने १९९१ मध्ये तिला स्पर्धेत पूर्ण स्थान दिलं.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. १९८२ मध्ये मिलबाईंना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारं एक भटकं मांजर दिसलं. केशरी अंग, त्यावर ठिपके, आणि केसांना सोनेरी चमक. ते त्यांनी अमेरिकेला नेलं. आज बंगालच्या अंगावर जी चमक असते, जिच्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, ती या दिल्लीच्या बेवारस मांजरापासून आली असं मानतात. शिवाय अलीकडच्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं की आजच्या बंगाल मांजरात रानटी वंशाचा वाटा सरासरी तीन-साडेतीन टक्केच उरलाय. रूप बरंचसं घरगुती मांजरांतून निवडून निवडून घडवलेलं आहे. थोडक्यात, ‘अस्सल जंगली’साठी मोजलेला पैसा बहुतांशी घरच्या मांजरालाच जातो.

आता तुमच्या विक्रेत्याकडे वळू. एफ-वन म्हणजे आई किंवा बाप रानटी, एफ-टू म्हणजे आजी-आजोबांपैकी कुणी रानटी. संकराच्या पहिल्या तीन पिढ्यांतले बोके सहसा वांझ असतात. पैदास मादीकडून पुढे नेतात, बोका नेहमीचा घरगुती वापरतात. चौथ्या पिढीपासून पुढचंच मांजर घरगुती बंगाल म्हणून धरतात. मग ही जोडी खरंच एफ-टू असेल तर बोका बहुधा निरुपयोगी आणि आठ पिल्लांची गोष्ट तिथेच संपली. वर, आपल्याकडे लेपर्ड कॅट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. तो ‘जंगली आजोबा’ कुठून आला हा प्रश्न वनखात्याने विचारला तर उत्तर तुमच्याकडे नसेल. आणि जोडी एफ-टू नसेल, तर माणूस खोटं बोलतोय. मला दोन्हींतलं कुठलंही चालणार नाही.

तरी हिशेब करून बघू. माझ्या अंदाजाने एका मांजराचं खाणं, शी-शूची वाळू (लिटर), लसी, डॉक्टर धरून महिन्याला ५,००० जातात. दोघांचे वर्षाला १,२०,०००. पहिलं वर्ष पिल्लं मोठी होण्यातच जाणार, उत्पन्न शून्य. दुसऱ्या वर्षी त्याच्या म्हणण्याप्रमाणे आठही पिल्लं झाली, आठही जगली, आठही त्याने घेतली, तर २ लाख येतील. त्यातून दोन्ही मांजरांचा खर्च आणि पिल्लांच्या लसी-खाण्याचे प्रत्येकी ४,००० वजा केले की उरले ४८,०००. म्हणजे परतखरेदीची दोन वर्षं संपताना खिशातून ७२,००० आणखी गेलेले, मूळचे २ लाख २० हजार वेगळेच. मादीचं सिझेरियन करावं लागलं तर तेही वर. जे काही उत्पन्न येईल ते धंद्याचं, म्हणून करपात्र.

मुळात १,१०,००० ला पिल्लू विकणारा माणूस तुमच्याकडून २५,००० ला घेऊन कुणाला विकणार? तुमच्यासारख्याच पुढच्या जोडप्याला, पुन्हा हेच आश्वासन देऊन. इमू आठवतात ना? गावोगावी शेड उभ्या राहिल्या, अंडी आणि पिल्लं परत घेऊ म्हणाले, आणि नवे घेणारे संपले त्या दिवशी पक्ष्यांना खायला घालायचे वांधे झाले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांच्या नावाने तेच झालं. माझ्या एका अशिलाच्या शेडमध्ये आज ट्रॅक्टरचे टायर ठेवलेत.

पैशाचं म्हणाल तर तुमच्याकडे आणीबाणीसाठी दीड लाखच आहेत. हप्ता आणि घरखर्च मिळून ८६,००० जातात, म्हणजे दोन महिनेही निघणार नाहीत. आरोग्य विमा फक्त कंपनीचा, ५ लाखांचा. तेव्हा ३ लाखांतले दीड लाख सरळ आणीबाणीच्या निधीत टाका. ३०,००० च्या आसपास बाजूला ठेवून स्वतःची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक आरोग्य विमा पॉलिसी, घ्या. उरले १ लाख २० हजार. त्यातला लाख कर्जात भरलात तर तुमच्या २७ लाख शिल्लक आणि ८.६ टक्के व्याजाच्या कर्जाचे जवळपास आठ हप्ते कमी होतात, साधारण अडीच लाखांचे. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा असं बँकेला लेखी द्या, नाहीतर ते हप्ताच कमी करून मोकळे होतात.

पण मुलीचं मन मांजरावर बसलंय, हे पत्राच्या चौथ्या ओळीत लिहून तुम्ही पुढे घाईघाईने उत्पन्नावर आलात. खरं कारण तेच असेल तर तसं म्हणा, हौसेला मी नाही म्हणत नाही. हौस खर्चाच्या खान्यात लिहा म्हणजे झालं. चौथ्या पिढीपुढचं, नसबंदी केलेलं एक मांजर, गॅलरीच्या जाळीसकट ७०,००० च्या आत बसवा. महिन्याला तुमचे १४,००० उरतात, त्यातले ५,००० जातील. मांजर चौदा वर्षं जगलं तर आजच्या भावाने ८ लाख ४० हजार होतात, हा आकडा दोघांनी एकदा मोठ्याने वाचा.

आणि हे मांजर सोफ्यावर पडून राहणारं नाही. कोथरूडच्या एका अशिलाकडे मी कागदांवर सह्या घेत होतो. त्यांची बंगाल मांजरी फ्रिजवरून ओट्यावर उतरली, पंजाने बेसिनचा नळ उघडला आणि धारेखाली पाय धरून बसली. नळ बंद केला की परत उघडायची. उन्हात तिचं अंग खरंच जरीसारखं चमकत होतं. त्यांनी नळ बदललाय आणि दिवसभर घरात कुणीतरी असतं. तुमचं घर सकाळी नऊ ते सहा बंद. एवढ्या उत्साही जनावराला ते सोसणार नाही, आणि शेजाऱ्यांना तिचं ओरडणं. दुपारी शाळेतून आलेली मुलगी तिच्याशी खेळणार असेल तर विचार करा.

घ्यायचंच ठरलं तर आई-बापांचे पीके डेफिशियन्सी आणि पीआरए-बी या दोन आनुवंशिक आजारांचे तपासणी अहवाल आणि हृदयाची सोनोग्राफी मागा. रक्तक्षय, अंधत्व आणि हृदयाचे स्नायू जाड होणं, तिन्ही या जातीत आढळतात. पिल्लाची आई त्याच घरात जाऊन स्वतः बघा. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधलं पिल्लू उचललंत तर यातलं काहीच लागत नाही, लसी आणि नसबंदी पुरे.

टोकनचे १५,००० आधीच गेले असं धरून चाला, त्यांच्या मागे २ लाख घालू नका. त्याला आज व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: एफ-टूची नोंदणी, रानटी आजोबा कुठून आणला त्याचे कागद आणि परतखरेदीचा करार स्टँप पेपरवर पाठवा, नाहीतर टोकन परत करा. उत्तर काय येतं ते मला कळवा. काही आलंच नाही तरी तो मेसेज पुसू नका, तक्रार करायची वेळ आली तर कामाला येईल.