बांधकाम सल्ला: मॉडेल टॅबमध्ये, काम कागदावर

प्रश्न: पिंपरी-चिंचवडमध्ये एका बारा मजली इमारतीवर मी साइट इंजिनिअर आहे. सल्लागारांनी बिम मॉडेल (इमारतीचं त्रिमितीय डिजिटल मॉडेल) दिलंय, पण ते टॅबवर अडकतं. ठेकेदार म्हणतो, "सहीचं ड्रॉइंग दाखवा." आणि स्लॅब भरून झाल्यावर पाइपांसाठी कोअर कटिंग, म्हणजे काँक्रीटला मशिनने भोक पाडणं, करावंच लागतं. काय करावं?

उत्तर: ठेकेदाराचं बरोबर आहे. करारात सहीचं 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन' (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंगच प्रमाण असेल, तर मॉडेल पाहून केलेल्या कामाची चूक त्याच्याच माथी येते. म्हणून आधी सल्लागारांकडून एवढं ठरवून घ्या: प्रत्येक शीट मॉडेलमधूनच निघेल आणि दोघांचा रिव्हिजन नंबर एकच असेल. ड्राफ्ट्समनने शीट कॅडमध्ये वेगळी दुरुस्त केली की त्या दिवसापासून मॉडेल जुनं होतं. खरं दुखणं बहुधा हेच असतं.

कोअर कटिंगचं मूळ मात्र मॉडेलमध्येच सापडेल. 110 मिमीचा पाइप नुसत्या नळीसारखा काढलेला असतो, जोडावरच्या फुगीर सॉकेटची जाडी धरलेली नसते. थंड पाण्याच्या पाइपवरचं इन्सुलेशन राहून जातं. ड्रेनेज सपाट दाखवतात. 1:100 उतार दिला तर 6 मीटरमध्ये पाइप 60 मिमी खाली येतो आणि बीममध्ये घुसतो. क्लॅश तपासणी (काय कशाला आडवं येतंय ते मॉडेलमध्ये पाहणं) 'स्वच्छ' येते, साइटवर पाइप बसत नाही. तेव्हा पुढच्या एकाच स्लॅबचं मॉडेल या तीन गोष्टींसाठी तपासून घ्या आणि त्यातून स्लीव्ह ड्रॉइंग काढा, म्हणजे पाइपांसाठी काँक्रीटमध्ये आधीच सोडायच्या नळ्यांचा नकाशा. प्रत्येक स्लीव्हचा व्यास आणि दोन ग्रिडपासूनचं (कॉलमच्या आखणीच्या रेषांपासूनचं) अंतर त्यावर हवं. बीममधल्या स्लीव्हला लेव्हल आणि स्ट्रक्चरल सल्लागारांची सहीही. हा कागद सळई बांधायच्या आधी सेंटरिंगवर (स्लॅबच्या साच्यावर) पोचला पाहिजे.

टॅबसाठी मजल्यानुसार आणि कामानुसार वेगळ्या आयएफसी फाइली (कुठल्याही बिम सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं मॉडेल) मागा. फर्निचर आणि नटबोल्टसकट काढलेले पंप वगळायला सांगा. फाइल ऑफिसातच उतरवून घ्या, तळघरात नेटवर्क मिळत नाही.

प्रश्न: मॉडेलमधले पॉइंट टोटल स्टेशनवर (कोन-अंतर मोजायच्या सर्व्हे यंत्रावर) घेतले की कॉलम दोन-तीन सेंटिमीटरने सरकतात. यंत्र बिघडलंय का?

उत्तर: यंत्राआधी कोऑर्डिनेट तपासा. सर्व्हे यूटीएमवर (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडणाऱ्या कोऑर्डिनेट पद्धतीवर) आणि मॉडेल प्रत्यक्ष अंतरांवर असेल, तर हे होणारच. पुण्याच्या परिसरात यूटीएमवरचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा 100 मीटरमागे साधारण 30 मिमी कमी भरतं. साइटचा स्थानिक आरंभबिंदू ठरवा, पक्क्या दगडावर दोन-तीन कंट्रोल पॉइंट (मोजणीच्या कायम खुणा) कोरा आणि मॉडेलही त्यांनाच जोडायला सांगा. मॉडेल लाखो मीटर दूरच्या आकड्यांवर ठेवलं तर स्क्रीनवर रेषा थरथरतात, तेही यामुळे टळतं. लाइनआउट (जागेवरची आखणी) देण्याआधी ग्रिडचे दोन्ही कर्ण टेपने मोजून मॉडेलशी ताडा. फरक 5 मिमीच्या वर असेल तर खुणा मारू नका.