पहिल्या दिवशीच्या कागदावर काय लिहिले आहे, ते आधी पाहा

शटरिंगची फळी कापताना गोल करवत उसळून भावाच्या तर्जनीवर आली, टाके निघून जखमही भरली, तरी बोटाचे टोक वाकत नाही आणि मुकादम त्याला कामावर बोलावतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. हे वाचताना मला माझीच तर्जनी दिसली. नऊ वर्षांपूर्वी पाते लाकडात अडकून मशीन मागे उसळले, तेव्हा त्याचे गार्ड, म्हणजे पात्यावरचे संरक्षक झाकण, तारेने वर बांधलेले होते.

रक्त थांबवणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, पट्टी बदलणे यांविषयी मी लिहीत नाही. ते तुम्ही केलेच असेल. मी डॉक्टर नसून सुतार आहे, त्यामुळे पुढचे सारे एका माणसाचा अनुभव समजून वाचावे आणि तुमच्या सर्जनला विचारूनच ठरवावे.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक म्हणजे अपघाताच्या दिवशी दवाखान्यात मिळालेला पहिला कागद न वाचता खिशात घातला. मला प्रथम जिथे नेले तिथे फक्त मूठ वळायला सांगितली. मधला सांधा वाकला, म्हणून 'कातडीची जखम' असे लिहून टाके घातले गेले. बोट वाकवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, दोन असतात; उथळ कंडरा मधला सांधा वाकवते आणि खोल कंडरा टोकाचा. घाव मधल्या पेराच्या पुढच्या भागावर असेल तर खोल कंडरा तुटूनही मधला सांधा नीट वाकतो. म्हणून मधले पेर धरून ठेवून केवळ टोक वाकते का, हे पाहावे लागते आणि बधिर करण्याच्या इंजेक्शनापूर्वी बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना तपासावी लागते, कारण प्रत्येक कडेला वेगळा मज्जातंतू असतो. माझ्या बाबतीत यातले काहीच झाले नाही. तुटलेले टोक तळहाताकडे सरकत जाते आणि काही आठवड्यांनी ते थेट जोडणे अवघड होते. मी तीन महिन्यांनी हाताच्या सर्जनकडे पोहोचलो, तेव्हा दुसरीकडची कंडरा काढून बसवणे किंवा टोकाचा सांधा कायमचा जखडणे, एवढेच पर्याय उरले होते. मी सांधा जखडून घेतला.

पुढे भरपाईच्या कार्यालयाने तोच कागद समोर ठेवून विचारले की यात कातडीची जखम आहे, तर कंडरेचे नुकसान याच अपघातातले कशावरून? सर्जनचे पत्र दिले, सोबत काम करणाऱ्या दोघांचे जबाब दिले, तरी प्रत्येक वेळी नवा माणूस तीच ओळ बोटाने दाखवत असे. एका निष्काळजी ओळीमागे मी चौदा महिने फेऱ्या मारल्या आणि त्या काळात घर माझ्या बायकोने एकटीने चालवले. याचा संताप मला आजही आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मुकादमाला उत्तर देण्याआधी याच आठवड्यात हाताच्या सर्जनला दाखवा आणि ही इजा करवतीच्याच घावाने झाली, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. नियम ठिकठिकाणी वेगळे असतील, तरी अंतिम अपंगत्वाच्या कागदावर घाईने सही करू नये असे मला वाटते. जोडलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे टोकाला संवेदना परतायला महिने लागतात आणि त्याआधी केलेले मोजमाप अपुरेच राहते. बोट बधिर असेपर्यंत भावाला करवतीजवळ उभे करू नका, आणि कोणी हातमोजा घालून काम कर म्हणाले तर ऐकू नका, कारण फिरणारे पाते मोज्यासकट हात ओढून घेते.

थंडीत त्या बोटात असह्य कळ येऊ लागली तर त्याने घाबरू नये; अशा इजेनंतर हे पुष्कळांना होते. मला कापूस, मग खरखरीत कापड असे रोज थोडा वेळ बोटावरून फिरवल्याने फरक पडला. पहिल्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, ते मात्र आजच पाहून इथे कळवा.