हात इथं, नजर तिथं

"मोबाईल तर भराभर चालवते, मग शाळेत माउस का धरता येत नाही? डोक्यात काही कमी तर नाही ना?" पहिली-दुसरीच्या पालकांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. नाही, डोक्याचा यात काही संबंध नाही. का नाही, ते एका मुलीच्या अनुभवातून सांगते. तिला इथं चिमी म्हणू.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत चिमीची आई आली ती पोटदुखीची तक्रार घेऊन. दुसरीतली मुलगी दर गुरुवारी सकाळी पोट धरून बसते. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. आईचा संशय वर्गाच्या बाईंवर होता, आणि माझाही. दोन भेटी मी त्याच वाटेनं विचारत राहिले: बाई ओरडतात का, कुणी चिडवतं का. चिमी नुसती मान हलवायची. तिसऱ्या भेटीत मी शाळेचं वेळापत्रक मागितलं. गुरुवारी दुसरा तास संगणकाचा. वेळापत्रक पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं, याची चुटपुट मला अजून आहे.

लॅपटॉपला माउस जोडला आणि म्हटलं, "मला दाखव बघू, या फुलावर कसं जायचं?" तिनं आधी पडद्यावरच बोट टेकवलं. मग माउस अख्ख्या मुठीत धरला, तोही तिरका. माउस तिरका, म्हणून पडद्यावरचा बाणही तिरका पळाला. तिनं हाताकडं बघितलं, मग पडद्याकडं, परत हाताकडं; तेवढ्यात बाण हरवला. कशीबशी फुलावर पोचली, तर बटण दाबताना सगळी मूठ आवळली आणि बाण फुलावरून घसरला. शेवटी माउस टेबलाच्या कडेला आला, तशी ती थांबली. "टेबल संपलं," म्हणाली. माउस उचलून पुन्हा मागं आणून ठेवता येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोबाईलवर जिथं नजर, तिथंच बोट. माउसचं तसं नाही. हात टेबलावर आडवा सरकतो आणि बाण उभ्या पडद्यावर वर जातो. बाकीचा हात स्थिर ठेवून एकट्या तर्जनीनं दाबायचं, हेही सहा-सात वर्षांच्या हाताला शिकावं लागतं. त्यात शाळेतले माउस मोठ्यांच्या पंज्याच्या मापाचे.

तरीही मी आईला काही गोष्टी विचारून घेतल्या. शर्टाची बटणं लावते का, पेन्सिल कशी धरते, आमटी-भात सांडतो का, फळ्यावरचं दिसतं का. सगळं ठीक होतं. यातही अडचण असती तर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडं, म्हणजे रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांकडं, पाठवलं असतं. नुसता माउस जमत नाही म्हणून कुठं पाठवायची गरज नसते.

पुढच्या वेळी वडीलही आले. उद्यमनगरात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करतात. मी सांगितलं की जगातला पहिला माउस लाकडी होता, 1964 सालचा, डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकांच्या प्रयोगशाळेतला. खाली दोन चाकं, एकमेकांना काटकोनात. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. ते एकदम पुढं सरकून बसले. "म्हंजे आमचं लेथचं कॅरेज आन् क्रॉस स्लाइडच की! एक लांबीत सरकतंय, दुसरं आडवं. हात चाकावर, नजर टूलच्या टोकावर. हाताकडं बघितलं की जॉब, म्हंजे कातायचा तुकडा, वाया गेलाच. मला हे बसायला सहा म्हैने लागलेत, मॅडम." मग लेकीकडं वळून म्हणाले, "तुला कोण घाई करतंय गं?" दोन आठवडे मी जे समजावत होते, ते या एका वाक्यानं पोचलं. चिमी त्यांच्या मांडीला टेकून बसली आणि पहिल्यांदा स्वतःहून बोलली: "शेजारचा ओढून घेतो. म्हणतो, दे इकडं, तुला येत नाही."

पोटात दुखायचं ते याचं. एका माउसवर तीन मुलं. ज्याला येतं तो चालवतो, ज्याला येत नाही ते बघत राहतं. ज्याला सरावाची खरी गरज, त्याच्या हातात माउस सगळ्यात कमी वेळ.

शाळेत गेले. संगणकाच्या बाईंनी मनापासून ऐकून घेतलं. आम्ही आधी बाणाचा वेग कमी केला आणि बाण मोठा केला. प्रत्येक माउसच्या डाव्या बटणावर लाल टिकली चिकटवली, म्हणजे तर्जनीला आपली जागा बोटानंच कळते. ही कल्पना बाईंची, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. माउसखाली कागद ठेवून त्यावर एक घर काढलं. कड आली की माउस उचलून घरी आणायचा. पाय लोंबकळणाऱ्या मुलांच्या पायाखाली पाट दिला. पाळी वाटून दिली, आणि एक नियम घातला: दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही, सांगायचं तर तोंडानं. बाईंनाही तोच नियम. मोठ्यांनी मुलाच्या हातावर हात ठेवून बाण नेला की फूल सापडतं, पण हात शिकत नाही, असं मला वाटतं.

पहिले दोन तास क्लिक नाहीच. नुसता बाण फिरवायचा, हाताकडं न बघता. मग मोठ्या चित्रावर एक क्लिक. मग टक्स पेंट हा मुलांचा फुकट मिळणारा चित्रकलेचा प्रोग्राम, बटण दाबून धरून रेघ ओढण्यासाठी. त्यात चिमीनं ठिपके देऊन रांगोळी जोडायला घेतली. पहिल्या रेघा सगळ्या वाकड्या आल्या. तिनं त्या पुसल्या नाहीत, त्यांच्यावरूनच दुसऱ्या काढल्या.

डबल क्लिक अजून जमत नाही. संगणक दोन क्लिकमध्ये साधारण अर्धा सेकंदच थांबतो, आणि तेवढ्यात तिचा हात हलतो. ती मुदत सेटिंगमध्ये वाढवता येते, तशी वाढवली आहे; तूर्त प्रोग्राम बाईच उघडून देतात. आईनं विचारलं, घरी सराव घेऊ का? मी म्हटलं, भाकरी थापताना एक छोटा गोळा तिला देत जा. बाकीचं दिवाळीनंतर बघू.