वाचकांचे प्रश्न : खुर्ची असूनही उभा राहणारा प्रेक्षक आणि त्याला बसवू पाहणारा स्टुअर्ड

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा असून नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतो. गेल्या हंगामात बाबा माझ्याकडे आले होते. आयुष्यभर त्यांनी शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहिलेला, म्हणून हौसेने एका क्लबच्या सामन्याची तिकिटे काढली. आमच्या पुढच्या चार-पाच रांगा पहिल्या मिनिटापासून उभ्याच होत्या. बाबांना गुडघ्यांमुळे फार वेळ उभे राहवत नाही आणि बसले की समोरच्यांच्या पाठींखेरीज काही दिसत नाही. त्यांना खेळ सांगता यावा म्हणून मी उभा राहिलो, तर स्टुअर्डने, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने, पुढच्या रांगा सोडून मलाच बसायला सांगितले. मी हुज्जत घातली, तेव्हा बाहेर काढण्याची ताकीद मिळाली. आपल्या जागेवर उभे राहणे हा तिथे गुन्हा आहे काय? नियम असेल तर तो सर्वांना का लागू होत नाही? आणि जर्मनीत हजारो लोक उभ्याने सामना पाहतात, ते इंग्लंडमध्ये का चालत नाही?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : आधी कायद्याचे पाहू. खुर्चीसमोर उभे राहणे हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा नाही. फुटबॉल सामन्यांतील गुन्ह्यांविषयीचा १९९१ चा कायदा मैदानाच्या किंवा प्रेक्षकांच्या दिशेने वस्तू फेकणे, एकट्याने किंवा जमावाने अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणे आणि विनापरवाना मैदानात उतरणे यांना गुन्हा ठरवतो. त्यात उभे राहण्याचा उल्लेख नाही. मात्र तिकीट घेताना आपण क्लबची मैदान-नियमावली मान्य करतो आणि तिच्यात खेळ चालू असताना बसण्याच्या भागात कोणीही उभे राहू नये, वारंवार उभे राहणाऱ्यास बाहेर काढता येईल, असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणजे स्टुअर्ड आपल्याशी बोलतो तो पोलीस म्हणून नव्हे, तर जागामालकाचा माणूस म्हणून. त्याच्यामागे क्लबचा सुरक्षा अधिकारी असतो आणि त्या अधिकाऱ्यामागे स्थानिक परिषद. परिषदेने दिलेल्या सुरक्षा प्रमाणपत्रावर स्टेडियमची क्षमता ठरते आणि प्रेक्षक सतत उभे राहतात असे दिसले तर ती क्षमता कमी करण्याचा अधिकार तिला आहे. २०१६ मध्ये वेस्ट हॅम युनायटेड क्लब लंडन स्टेडियममध्ये राहायला गेला, तेव्हा सुरुवातीच्या सामन्यांत याच कारणावरून समर्थक आणि स्टुअर्ड यांच्यात खटके उडाले. उभे राहणाऱ्या आणि बसू पाहणाऱ्या समर्थकांची आपसातही जुंपली.

हा नियम आला कुठून, हे समजल्याशिवाय आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेन बाजूच्या उभ्याने पाहण्याच्या स्टँडसाठी १०,१०० तिकिटे विकलेली होती आणि त्या साऱ्यांनी आत यायचे ते अवघ्या सात फिरत्या फाटकांतून. बाहेर गर्दी दाटली, तेव्हा पोलिसांच्या आदेशावरून २ वाजून ५२ मिनिटांनी एक मोठे फाटक उघडण्यात आले. त्यातून आलेले सुमारे दोन हजार लोक समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत शिरले. ते कप्पे आधीच खच्चून भरले होते, तरी बोगद्याचे तोंड कोणी बंद केले नव्हते. बाजूंना जाळ्या आणि पुढेही उंच जाळी असल्यामुळे माणसांना सरकायला जागा उरली नाही. ९७ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील अखेरचे गृहस्थ त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये गेले. दोष समर्थकांच्या माथी मारण्याचा प्रयत्न कित्येक वर्षे चालला. अखेर २०१६ मध्ये चौकशीच्या ज्युरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले आणि समर्थकांच्या वर्तनाचा त्यांत वाटा नव्हता, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला.

या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला आणि त्याने सर्व जागा बसण्याच्या करण्याची शिफारस केली. उभे राहून पाहण्याची व्यवस्था मुळातच असुरक्षित असते असे आपण मानत नाही, हेही टेलर यांनी त्याच अहवालात नोंदवले होते. मागच्या तीसहून अधिक वर्षांच्या वादात हे वाक्य फार थोड्यांनी लक्षात ठेवले. लोकांना बसण्याची सवय होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना ऑगस्ट १९९४ पर्यंतची मुदत मिळाली, खालच्या दोन श्रेणींना १९९२ मध्ये सूट देण्यात आली. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानातील प्रसिद्ध कोप स्टँडवर ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात लोक शेवटचे अधिकृतपणे उभे राहिले.

सवय मात्र झाली नाही. खुर्च्या बसवल्या, पण गोलमागच्या स्टँडमधले आणि पाहुण्या संघाच्या भागातले समर्थक त्यांच्यासमोर उभेच राहिले. यात जो धोका निर्माण झाला त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो, कारण स्टुअर्डची बाजू त्यात आहे. घडीची खुर्ची वर दुमडलेली असते आणि पुढच्या रांगेतील खुर्चीची पाठ उभ्या माणसाच्या जेमतेम गुडघ्याच्या वर येते. गोल झाला, मागून कोणी मिठी मारली, की तोल गेलेल्या माणसाला अडवायला समोर काही नसते. तो पुढच्या पाठीवरून खालच्या रांगेवर कोसळतो आणि त्या रांगेतले त्याच्या पुढच्या रांगेवर. नडगी सोलवटणे ही यातली सर्वांत किरकोळ दुखापत होय. वरच्या मजल्यांचा चढ चौतीस अंशांपर्यंत असू शकतो, तिथे असे कोसळणे जिवावर बेतू शकते. जुन्या पायऱ्यांवर निदान ठरावीक अंतरावर लोखंडी कठडे तरी असत. खुर्च्या बसवताना ते काढून टाकले आणि माणसे तर उभीच राहिली, म्हणजे दोन्ही व्यवस्थांतले वाईट तेवढे एकत्र आले. ज्याला आपण उर्मट समजलात त्या स्टुअर्डला प्रशिक्षणात हेच शिकवलेले असते.

तरीही त्याने आपल्यालाच का निवडले? तीन हजार माणसे एकदम उभी असतील तर आठ-दहा जाकीटवाले स्टुअर्ड त्यांना बसवू शकत नाहीत. रांगेच्या मधून एकाला ओढून काढायचे म्हटले तर त्या अरुंद जागेत झोंबाझोंबी होईल आणि ती उभे राहण्याहून अधिक घातक ठरेल. म्हणून सांगणे होते ते कडेच्या, एकट्या, नवख्या माणसाला, लहान मुले किंवा वृद्ध सोबत असलेल्याला, म्हणजे जो ऐकण्याची शक्यता आहे त्याला. हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणेन. पण त्याचे मूळ ज्याने आपल्याला त्या भागातले तिकीट विकले आणि तिथे लोक उभे राहतात हे सांगितले नाही, त्याच्याकडे आहे. उभे राहणे हा आपला हक्क आहे, ज्यांना जमत नाही त्यांनी दुसरीकडे जावे, असे म्हणणाऱ्या समर्थकांशीही मी सहमत नाही. आपल्या वडिलांनी तितकेच पैसे मोजले होते आणि त्या संध्याकाळी सामना पाहायला मिळाला नाही तो त्यांनाच.

जर्मनीचे म्हणाल तर डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे पंचवीस हजार लोक देशांतर्गत सामने उभ्याने पाहतात. तिथल्या अनेक स्टेडियमांत वापरलेला तोडगा साधा आहे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीशी कमरेइतक्या उंचीचा पोलादी कठडा असतो. खुर्ची दुमडून उभे राहिले की पुढे कठडा, मागे कठडा आणि एका माणसाला एकच जागा. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये ही व्यवस्था आणली. सर्व जागा बसण्याच्या असाव्यात हा इंग्लंडचा नियम स्कॉटलंडला लागू नाही, म्हणून त्यांना ते शक्य झाले. लिव्हरपूलच्या समर्थक संघटनेने २०१७ मध्ये सदस्यांचे मत घेतले आणि कौल अशा कठड्यांच्या बाजूने पडला. हिल्सबरोत मुले गमावलेल्या काही कुटुंबीयांचा विरोध त्या वेळीही होता आणि त्यांच्या भावनेपुढे आकडे टाकून बोलणे मला उचित वाटत नाही. पुढे इंग्लंडमध्ये प्रयोग झाला. २ जानेवारी २०२२ रोजी चेल्सी विरुद्ध लिव्हरपूल या सामन्यात वरच्या श्रेणीत जवळपास तीन दशकांनी लोक परवान्याने उभे राहिले. २०२२-२३ च्या हंगामापासून अटी पूर्ण करणाऱ्या कोणत्याही क्लबला हा परवाना मिळू शकतो. कठडे यजमान आणि पाहुणे दोघांच्याही भागात हवेत, कॅमेरे हवेत, स्टुअर्डना वेगळे प्रशिक्षण हवे आणि खुर्ची वर कुलूपबंद करून ठेवता कामा नये, कारण ज्याला बसायचे आहे त्याला बसता आले पाहिजे. प्रयोगाच्या मूल्यमापनात दिसून आले की गोल झाल्यावर लोक पुढे-मागे कोसळत नाहीत आणि बसवण्यावरून होणारे वादही घटतात. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट.

आपण पुढच्या वेळी तिकीट खिडकीवर किंवा दूरध्वनीवर थेट विचारावे, की हा भाग परवान्याने उभे राहण्याचा आहे काय, किंवा तिथे लोक एरवी उभे राहतात काय. गोलमागच्या जागा टाळून बाजूच्या स्टँडमधील किंवा कुटुंबांसाठी राखलेल्या भागातील जागा घ्यावी. वडिलांचा गुडघ्याचा त्रास कायमचा असेल, तर क्लबच्या अपंग-सुविधा अधिकाऱ्याशी आधी बोलावे. २०१० च्या समता कायद्यानुसार अपंग प्रेक्षकांसाठी वाजवी व्यवस्था करणे हे क्लबचे कर्तव्य आहे. आणि सामना चालू असताना स्टुअर्डशी वाद घालू नये. जागा बदलून द्या, असे त्याला सांगावे. रिकामी जागा असली तर ते त्याच्या पर्यवेक्षकाच्या अधिकारात असते आणि पुष्कळदा मिळते.

प्रश्न : मी पुण्याची आहे, इंग्लंडमध्ये शिकते आणि शनिवार-रविवारी एका स्टेडियममध्ये स्टुअर्डचे काम करते. उभे राहणाऱ्यांना बसायला सांगितले की शिव्या खाव्या लागतात, कधी कधी माझ्या रंगावरूनही. वरिष्ठ म्हणतात, सांगत राहा. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आपल्या रंगावरून कोणी बोलले, तर तो बसण्या-उभे राहण्याचा प्रश्न राहत नाही. रांग, आसन क्रमांक आणि वेळ लगेच लिहून घ्या, पर्यवेक्षकाला बिनतारी यंत्रावर कळवा आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवायला सांगा. इंग्लंडमध्ये हा गुन्हा आहे आणि दोषी ठरणाऱ्यावर न्यायालय मैदानबंदी घालू शकते. असे बोलणे सहन करण्यासाठी कोणी आपल्याला नेमलेले नाही.

राहिला प्रश्न उभे राहणाऱ्यांचा. आपण एकट्याने एक अख्खा भाग बसवू शकणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. जिन्यांच्या वाटा मोकळ्या ठेवणे, कोणी खुर्चीवर चढले तर त्याला उतरवणे, एका जागेत दोन माणसे शिरू न देणे आणि ज्याला दिसत नाही अशा मुलाला किंवा वृद्धाला जागा बदलून देण्याची व्यवस्था करणे, ही चार कामे खऱ्या अर्थाने जीव वाचवणारी आहेत. गोल होताना मैदानाकडे पाहू नका, माणसांकडे पाहा. आणि सामन्यानंतरच्या नोंदवहीत ‘अमुक भाग पूर्ण वेळ उभा होता’ असे दर वेळी लिहा, कारण कठडे बसवण्याचा निर्णय अशाच नोंदींवर होतो.

प्रश्न : आमच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर सिमेंटच्या पायऱ्यांवर लोक दाटीवाटीने बसतात आणि पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस किंवा दिलबहार या स्थानिक तालीम-मंडळांच्या संघांचा सामना रंगला की सगळे उभे राहतात. इथेही खुर्च्या बसवाव्यात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केवळ खुर्च्या बसवून सुरक्षितता येते, असे मानू नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, ते एकाच स्टँडमध्ये दोन्ही बाजूंचे समर्थक बसवल्यामुळे उसळलेल्या हाणामारीत आणि चेंगराचेंगरीत. इंडोनेशियात मलंग शहरी १ ऑक्टोबर २०२२ रोजी १३५ जण गेले, ते पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यावर लोक अरुंद आणि काही बंद दारांवर लोटले म्हणून. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये तात्पुरती गॅलरी कोसळून अनेक जण जखमी झाले.

म्हणून आपल्या तालमींच्या कार्यकर्त्यांनी आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने खुर्च्यांच्या आधी चार गोष्टी तपासाव्यात, असे मी सुचवेन. पायऱ्यांवर किती माणसे मावतात हे ठरवून तेवढीच तिकिटे काढावीत. दोन संघांच्या पाठीराख्यांच्या वाटा आणि जागा वेगळ्या असाव्यात. सामना सुरू झाल्यावर बाहेर पडण्याच्या दारांना कुलूप नसावे आणि दाराशी किल्ली घेऊन नव्हे, तर दार उघडे ठेवून माणूस उभा असावा. पायऱ्यांच्या उतारावर ठरावीक अंतरावर कमरेइतके कठडे बसवावेत. वृद्ध प्रेक्षक, स्त्रिया आणि अपंग यांच्यासाठी समोर कोणी उभे राहणार नाही असा एक भाग राखून ठेवला, तर खुर्च्यांची खरी गरज तिथेच आहे. तेवढ्या बसवाव्यात, बाकीच्यांना पायऱ्यांवर उभे राहू द्यावे.