युएक्सची, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाची, तत्त्वे वाचून झाली. आता स्वतःच्या ॲपमध्ये सुरुवात कुठून करावी?

आपण प्रोग्रामर आहात, एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी मोबाइल ॲप तयार करत आहात आणि डिझाइनच्या तत्त्वांच्या बऱ्याच याद्या वाचूनही त्यांतले आधी काय हाती घ्यावे हे ठरत नाही, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मी बरीच वर्षे आर्थिक व्यवहारांच्या ॲपचे इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे माणूस आणि ॲप यांच्यातल्या देवाणघेवाणीची रचना, करत आलो आहे, त्यामुळे उत्तरही त्याच क्षेत्रातल्या उदाहरणांनी देतो.

माझ्या मते दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी. हे बटण दाबले तर काय होईल, हे समोरच्या माणसाला दाबण्यापूर्वी कळते का? आणि दाबल्यानंतर काय झाले, हे त्याला कळते का? डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हीच गोष्ट दोन दऱ्यांच्या रूपात मांडली होती. एक दरी माणसाचा हेतू आणि यंत्राने देऊ केलेली कृती यांच्यामधली, तर दुसरी यंत्राची खरी स्थिती आणि माणसाला झालेले तिचे आकलन यांच्यामधली. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांची चांगल्या पडद्यासाठीची १९९४ मधली दहा सूत्रे या दोन प्रश्नांच्या उजेडात पुन्हा वाचली, तर त्यांतली बहुतेक आपोआप जागेवर बसतात, आणि कोणते सूत्र कोणत्या पडद्यावर महत्त्वाचे हेही दिसू लागते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले की काय होते, हे यूपीआयने आपल्याला फार जवळून दाखवले आहे. २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा पैसे पाठवण्याबरोबर दुसऱ्याकडे पैसे मागण्याचीही सोय तिच्यात होती. मागणाऱ्याने विनंती पाठवायची, देणाऱ्याने ती मंजूर करून पिन टाकायचा, एवढाच तो व्यवहार. कागदावर त्यात काहीही वावगे नव्हते. प्रत्यक्षात मात्र घरातला जुना सोफा ऑनलाइन विकायला काढलेल्या माणसाला एखादा 'ग्राहक' फोन करी, आगाऊ रक्कम पाठवतो म्हणे आणि पैशांच्या मागणीची विनंती पाठवून पिन टाकायला सांगे. पैसे येण्याऐवजी जात. अशा रीतीने फसलेल्यांत चांगली शिकलेली, हिशेबाला पक्की माणसेही होती, म्हणून त्यांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे पिनची सवय एटीएमपासून लागली, आणि एटीएमवर पिन टाकला की पैसे हातात येतात. तीच समजूत घेऊन माणूस यूपीआयकडे आला, तर पैसे मिळण्यासाठी पिन मागितला जाणे त्याला मुळीच विचित्र वाटत नाही. शिवाय आपण होऊन पैसे पाठवताना आणि दुसऱ्याची मागणी मंजूर करताना शेवटी येणारा पिनचा पडदा सारखाच असे. पैसा कोणत्या दिशेने जाणार आहे, हे त्या पडद्याच्या रचनेतून जाणवत नसे.

यावर जाहिराती झाल्या, संदेश पाठवले गेले, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही अशा सूचना ॲपमध्ये आल्या. फसवणूक थांबली नाही, आणि अखेर ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशा प्रकारे पैसे मागण्याची सोयच बंद करण्यात आली. पडद्याची रचना एक अर्थ सुचवत असेल आणि सूचना दुसरा अर्थ सांगत असेल, तर माणूस रचनेवर विश्वास ठेवतो. आपल्या ॲपमध्ये एखाद्या ठिकाणी लाल अक्षरांत सूचना लिहावीशी वाटली, तर तिथली रचना आधी तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सूचना का निकामी ठरतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण अमेरिकेतले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावरील सुमारे ७८ लाख डॉलर व्याज कर्जदात्यांना पाठवायचे होते. प्रत्यक्षात बँकेच्या स्वतःच्या पैशातून सुमारे ९० कोटी डॉलर निघून गेले. मुद्दल बँकेबाहेर जाऊ नये यासाठी त्या प्रणालीत 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड' या तिन्ही रकान्यांत बँकेचे अंतर्गत खाते नोंदवावे लागत होते. ते एकाच रकान्यात नोंदवले गेले. तिघांच्या हातांखालून तो व्यवहार गेला आणि तिघांनाही तो बरोबर वाटला. प्रणालीने सूचना दिली होती, पण ती एवढीच की रक्कम बँकेबाहेर जाणार आहे, पुढे जायचे का? किती रक्कम जाणार, हे तिच्यात नव्हते. व्याज तर बाहेर जायचेच होते, त्यामुळे व्यवहार बरोबर भरला असता तरी तीच सूचना आली असती. बरोबर आणि चूक, दोन्ही वेळी जी सूचना सारखीच दिसते, तिच्यातून माणसाला काहीच माहिती मिळत नाही. सुमारे ५० कोटी डॉलर परत करण्यास काही कर्जदात्यांनी नकार दिला. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि तो २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने फिरवला. मधली दोन वर्षे एवढी मोठी रक्कम अधांतरी राहिली.

म्हणून 'आपली खात्री आहे का?' असे विचारणारी चौकट आपल्या ॲपमधून शक्य तिथून काढून टाकावी. जी कृती मागे घेता येते, ती लगेच होऊ द्यावी आणि मागे घेण्याची सोय काही सेकंद समोर ठेवावी. जी मागे घेता येत नाही, तिचा परिणाम आकड्यांसह आधीच दाखवावा. पतसंस्थेतले उदाहरण घ्यायचे तर मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचे घ्या. आज मोडल्यास हातात किती येतील, मुदतीनंतर किती आले असते आणि फरक किती, या तीन रकमा एकाखाली एक दिसल्या की सभासद स्वतःच थांबतो किंवा विचारपूर्वक पुढे जातो. पैसे पाठवण्याच्या बटणावर नुसते 'पुढे' असण्याऐवजी रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव असावे. रक्कम भरतानाच तिच्याखाली ती अक्षरी उमटावी, ही माझी अगदी आवडती सुधारणा आहे. पाच हजारांच्या जागी पन्नास हजार भरले गेल्यावर एक शून्य नजरेतून सुटते, पण 'पन्नास हजार रुपये फक्त' हे शब्द सुटत नाहीत. चेकवर आणि पावतीवर रक्कम अंकी व अक्षरी लिहिण्याची सवय आपल्या लोकांना आहेच. पडद्यावर ती कोणालाही नव्याने शिकवावी लागत नाही.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे काय झाले ते कळणे. मंडईत भाजीवाल्या मावशींच्या गाळ्यासमोर थोडा वेळ उभे राहून पाहावे. ग्राहक फोन पुढे करून हिरवी खूण दाखवतो. मावशी तिच्याकडे बघतही नाहीत. एका हातात तराजू, दुसरा हात ओल्या पालेभाजीत, आणि कान त्या छोट्या ध्वनिपेटीकडे. पेटीने रक्कम बोलून दाखवली की पिशवी ग्राहकाच्या हातात जाते. हिरवी खूण खोटीही असू शकते, जुन्या व्यवहाराचा स्क्रीनशॉटही असू शकतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. ज्याला पैसे मिळाले त्याला ते त्याच्याच साधनावर, त्याच्याच भाषेत, हातातले काम न सोडता कळावे, ही गरज त्या पेटीने ओळखली. प्रतिसादाविषयी मी वाचलेल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा हे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते.

वेळेचे नील्सन यांनी सांगितलेले मोजमाप इथे उपयोगी पडते. एक दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. पैशांच्या बाबतीत मात्र लक्ष उडण्यापेक्षा जीव टांगणीला लागणे हा मोठा त्रास आहे. खात्यातून रक्कम वजा झाली, समोरच्याला मिळाली नाही आणि पडद्यावर केवळ 'प्रलंबित' एवढे दिसते, तेव्हा माणूस घाबरून पुन्हा पैसे पाठवतो. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर फार तर एका दिवसात आपोआप परत यावी लागते, दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. नियम इतका स्पष्ट असताना तो पडद्यावर का येऊ नये? अमुक तारखेपर्यंत रक्कम जमा होईल किंवा परत येईल, तोवर पुन्हा पाठवू नका, असे तारखेसह लिहिले तर चौकशीसाठी शाखेत होणाऱ्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

हे सारे जमले की नाही, ते पाहण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाच-सहा सभासदांना एकेक करून बसवावे, खरे वाटेल असे एक काम द्यावे आणि आपण गप्प राहावे. गप्प राहणे हाच यातला अवघड भाग आहे, कारण माणूस अडखळला की मदतीला धावण्याचा मोह होतो. सभासदाचे बोट बटणाजवळ आले की त्याला थांबवून, आता काय होईल असे वाटते, ते विचारावे. काम झाल्यावर फोन पालथा ठेवून पैसे कोणाला आणि किती गेले, ते विचारावे. सभासदांत वयस्कर मंडळी असतील तर त्यांनाच आधी बोलवावे. पार्श्वभूमी आणि अक्षरे यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, बटणे अंगठ्याला सहज लागावीत, यांसारखे सुगम्यतेचे निकष तयार आहेत; ते पाळावेत, त्यांवर चर्चा करत बसण्याचे कारण नाही. मात्र विमा आधीच निवडलेला ठेवणे किंवा नकाराचे बटण फिकट करून लपवणे असले प्रकार संस्थेतून कोणी सुचवले, तर ठाम नकार द्यावा. ग्राहक संरक्षणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा फसव्या रचनांना मनाई आहे, आणि ती नसती तरी माझे उत्तर हेच असते.

आपले ॲप मराठीत आहे, म्हणून आणखी एक बाब सांगतो. इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या ओळीच्या उंचीत देवनागरी नीट मावत नाही. वर वेलांटी, मात्रा आणि रफार कापले जातात, खाली उकार कापले जातात, म्हणून उंची वाढवावी आणि 'कर्जाची पूर्ण परतफेड' यासारख्या मजकुरावर ती तपासावी. अंकांचेही पाहावे. मराठीचे प्रमाणित लोकेल, म्हणजे भाषेनुसार अंक आणि तारखा दाखवण्याची तयार मांडणी, वापरले की रकमा आपोआप देवनागरी अंकांत येतात, पण फोनचा कीपॅड बहुधा इंग्रजी अंकांचा असतो, आणि मग एकाच पडद्यावर दोन प्रकारचे अंक दिसतात. अंकपद्धती वेगळी नमूद करण्याची सोय त्याच लोकेलमध्ये आहे आणि लाख-कोटींचे स्वल्पविरामही तसेच राहतात. कोणते अंक निवडावेत, हे आपल्या संस्थेच्या पासबुकावरून ठरवावे, कारण सभासद पासबुक आणि फोन शेजारी ठेवून रकमा ताडून पाहतात.